साखरखेर्ड्याची लढाई व परक्याच्या कलहात फौज धाडण्याचा वाद

बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागात, हल्लीच्या सिंदखेडराजा तालुक्यात, साखरखेर्डा म्हणून गाव आहे. इंग्रजी अमदानीत ते मेहकर तालुक्यात मोडत असे. फारशी तवारिखांत हे नाव शकरखेडा असे येते, मराठी लेखनात साखरखेडले असेही आढळते, व गॅझेटियरात फत्तेखेर्डा असे दिले आहे. नावांच्या या गर्दीमुळे नवशिक्या अभ्यासकाची फसगत होऊन तो दोन निराळ्या रणभूमी कल्पू लागण्याचा संभव आहे. वस्तुतः गाव एकच व तेथील सन १७२४ ची लढाईही एकच.

लढाईच्या तिथीसंबंधाने प्रथम निर्णय करून टाकू. हिजरी सन ११३७, मोहरमचा २३ वा चंद्र, ही मिती फारशी आधारांवरून निश्चित आहे. तो काळ शके १६४६, क्रोधी संवत्सर, फसली ११३४, शुहूर सन खमस अशरीन मया व अलफ यांत पडतो. इंग्रजी तारखेचा मात्र घोळ आहे. कोणी ३० सप्टेंबर लिहितात, कोणी १ ऑक्टोबर, कोणी ११ ऑक्टोबर. पहिल्या दोन तारखा जुन्या गणनेच्या असून त्यांतील एका दिवसाचे अंतर चंद्रदर्शनाच्या व सूर्यास्तापासून दिवस धरण्याच्या चालीमुळे उद्भवते. तिसरी नव्या गणनेची. अठराव्या शतकात दोन्ही गणनांत ११ दिवसांचे अंतर असल्याने ३० सप्टेंबर व ११ ऑक्टोबर हा एकच दिवस ठरतो. साठ संवत्सरांची पाच आवर्तने पुरी होऊन शके १९४६ मध्ये पुन्हा क्रोधी संवत्सर आले, तेव्हा या प्रसंगास तीनशे वर्षे झाली.

या दिवशी निजामुल्मुल्क व मुबारिजखान हे दोन मोगल सुभेदार एकमेकांवर चालून गेले. मुबारिजखान पडला, निजामुल्मुल्क विजयी झाला, आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत टिकलेल्या हैदराबादच्या आसफजाही राज्याचा पाया येथे घातला गेला. इतके सर्वश्रुत आहे. आम्हांस विचार कर्तव्य आहे तो निराळ्या मुद्द्याचा. हा कलह मराठ्यांचा नव्हता; तरी विजयी पक्षाकडे मराठ्यांची फौज होती, व तिच्यासोबत चोवीस वर्षांचा बाजीराव बल्लाळ पंतप्रधान होता. परक्याच्या भांडणात आपले स्वार घालावे की न घालावे, घालावे तर कोणाच्या बाजूने, हा प्रश्न त्या वर्षी साताऱ्याच्या दरबारापुढे कोणत्या रूपाने उभा राहिला, हे पाहिल्याशिवाय साखरखेर्ड्याचा अर्थ लागत नाही. हैदराबादच्या राज्याची पायाभरणी करून देण्यात बाजीरावाने अल्पवयाच्या भरात चूक केली, असा आक्षेप अनेकदा ऐकू येतो. तो आम्हांस मान्य नाही. का नाही, हे पुढे यथाक्रम येईल.

प्रश्नाचे मूळ सन १७१९ च्या सनदांत आहे. सय्यद हुसेनअली व बाळाजी विश्वनाथ यांच्यात १७१८ मध्ये बोलणे ठरले, आणि सय्यदांच्या मदतीस मराठी फौज दिल्लीस गेली. फर्रुखसियर पदच्युत झाला व दक्षिणच्या सहा सुभ्यांच्या, म्हणजे औरंगाबाद, खानदेश, वऱ्हाड, बेदर, विजापूर व हैदराबाद यांच्या, चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा पदरात पडल्या. परक्याच्या गृहकलहात उतरण्याचा मोबदला इतका मोठा मिळाला की, खर्चाची बाजू सहसा कोणी वाचून दाखवीत नाही. फेब्रुवारी १७१९ मध्ये दिल्लीच्या रस्त्यांत झालेल्या दंगलीत संताजी भोसले कामास आला, पुढे नाना फडणीस म्हणून प्रसिद्धीस आलेल्या पुरुषाचे आजे बाळाजी महादेव भानू मारले गेले, आणि त्यांच्याबरोबर हजाराच्या वर मराठे पडले. दरबारात दिल्लीची मोहीम पुढे जेव्हा जेव्हा निघाली असेल, तेव्हा सनदांची थैली व ही प्रेते दोन्ही लोकांच्या डोळ्यांपुढे असणारच.

सनदांत देणे होते, तसे घेणेही होते. चौथाईच्या बदल्यात मराठ्यांनी दक्षिणच्या सुभेदाराच्या दिमतीस १५,००० स्वार ठेवावे, सरदेशमुखीच्या बदल्यात मुलखाचा बंदोबस्त राखावा, असे कलम होते. या कलमाकडे वाचकांनी बारकाईने लक्ष द्यावे. पुढल्या साऱ्या वादाची गुरुकिल्ली तेथे आहे. दक्षिणेत दुसऱ्याच्या लढाईत फौज पाठविणे ही १७१९ पासून मराठ्यांच्या मर्जीची बाब राहिली नाही; ती कराराने अंगावर आलेली जबाबदारी झाली. फक्त एक गोष्ट करारकर्त्यांच्या ध्यानात आली नव्हती. सुभेदार दोन झाले तर पंधरा हजार स्वार कोणाचे?

पहिली कसोटी लौकरच आली. १७२० साली निजामुल्मुल्क माळव्यातून नर्मदा उतरून दक्षिणेत आला. सुभेदारीचा कारभार त्या वेळी हुसेनअलीचा पुतण्या आलमअलीखान पाहत होता. मराठ्यांनी करार अक्षरशः पाळला. आलमअलीच्या मदतीस त्यांचे सरदार गेले, आणि ऑगस्ट १७२० मध्ये बाळापुरानजीक, आमच्या जिल्ह्याच्या पूर्व सीमेपासून फार दूर नव्हे अशा ठिकाणी, तुंबळ युद्ध झाले. आलमअली मारला गेला. ज्या शंकराजी मल्हाराने सय्यदांच्या वतीने १७१८ ची वाटाघाट घडवून आणिली, तोच जखमी होऊन शत्रूच्या हाती पडला व त्या जखमांनी वारला. मराठ्यांनी निजामाच्या सामानाची लूट केली, दमाजी गायकवाडाच्या पराक्रमाचा बोलबाला झाला, परंतु ज्याच्यासाठी गेले तो वाचला नाही. करार पाळून पराभव पदरी आला.

बाळापूर ते साखरखेर्डा हे अंतर चार वर्षांचे, आणि फार तर तीन दिवसांच्या मजलीचे. दोन्ही ठिकाणी एक बाजू निजामुल्मुल्काची. मराठे मात्र पहिल्यांदा त्याच्याविरुद्ध व दुसऱ्यांदा त्याच्याकडून. हा पालट कसा झाला?

निजामुल्मुल्क १७२२ मध्ये दिल्लीस वजीर झाला. तेथील दरबाराशी त्याचे जमले नाही. १७२३ च्या अखेरीस शिकारीचे निमित्त करून तो बाहेर पडला व दक्षिणेच्या वाटेस लागला. बादशहा महंमदशहाने हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान यास सहाही सुभ्यांची सुभेदारी देऊन निजामाचे पारिपत्य करण्याविषयी फर्माविले. शाहू महाराजांनीही मुबारिजखानास साहाय्य करावे अशी बादशहाची इच्छा कळविण्यात आली. निजामाकडूनही साताऱ्याशी संधान बांधले गेलेच. बाजीरावाच्या व त्याच्या यापूर्वी दोन भेटी झाल्या होत्या, जानेवारी १७२१ मध्ये चिखलठाण्यास व फेब्रुवारी १७२३ मध्ये माळव्याच्या पश्चिम अंगास बदकशा येथे. तिसरी १८ मे १७२४ रोजी धारेजवळ नालछा मुक्कामी झाली. अशा रीतीने दोन्ही पक्षांचे मागणे एकाच वेळी महाराजांपुढे आले.

आता सनदेचे कलम लावून पाहा. मुबारिजखानाच्या हाती बादशाही फर्मान होते. कायद्याच्या दृष्टीने दक्षिणचा सुभेदार तो. निजामुल्मुल्क बंडखोर. पंधरा हजार स्वारांवर हक्क मुबारिजखानाचा. चार वर्षांपूर्वी आलमअलीच्या बाबतीत जो न्याय लावला, तोच येथे लावला असता मराठी फौज हैदराबादच्या सुभेदाराकडे जावयास हवी होती. दुसऱ्या अंगाने पाहता मुबारिजखान दहा-अकरा वर्षे हैदराबादेत पाय रोवून होता, आणि मराठ्यांच्या चौथाईस त्याने त्या सुभ्यात चिकाटीने विरोध चालविला होता. जो सनद मानीत नाही त्याला सनदेप्रमाणे फौज द्यावयाची, आणि जो सनद चालविण्यास तयार आहे त्याच्यावर सनदेच्याच आधारे चालून जावयाचे, असा हा विलक्षण पेच होता. आमच्या मते या एका पेचात १७२४ च्या वादाचे सर्व सार आहे. शौर्याचा, औदार्याचा किंवा निजामाच्या स्नेहाचा प्रश्न येथे गौण होता. सनदेचे अक्षर राखावे की तिचे उत्पन्न राखावे, हा मुख्य प्रश्न.

शाहू महाराजांचा कल तटस्थ राहण्याकडे होता, असे बहुतेक विद्वान लिहितात, आणि ते महाराजांच्या स्वभावास धरून आहे. बालपणापासून सुमारे अठरा वर्षे त्यांनी मोगलांच्या छावणीत काढली. सुटून आल्यावर खुलदाबादेस औरंगजेबाच्या कबरीचे दर्शन त्यांनी अनवाणी जाऊन घेतले. बादशाही तक्तावर आपण होऊन शस्त्र उचलणे त्यांस रुचणारे नव्हते. फर्मान मोडून बंडखोरास साह्य करणे याची त्यांस टोचणी लागणे साहजिक आहे. शिवाय दरबारात एकमत नव्हते. श्रीपतराव प्रतिनिधी आणि पेशवे यांची चढाओढ जगजाहीर होती. वऱ्हाडचे काम पाहणारे सेनासाहेबसुभा कान्होजी भोसले यांचा आपला असा निराळा हिशेब होता. कारण लढाई व्हावयाची ती त्यांच्या अंमलाच्या वऱ्हाड मुलखात, पण तीत पुढाकार पेशव्याचा. याशिवाय मराठ्यांचाच एक बडा सरदार चंद्रसेन जाधव, जो धनाजी जाधवाचा पुत्र व म्हणून सिंदखेडकर जाधवांच्या कुळातला, बाळाजी विश्वनाथाशी वैर पडून निजामाच्या चाकरीत गेलेला होता. ज्या सिंदखेडास जिजाबाईंचा जन्म झाला, तेथून साखरखेर्डा थोड्याच कोसांवर आहे. निजामाच्या चाकरीतील जाधव आणि पेशवा एका निशाणाखाली यावे, हा योग त्या वर्षीच्या राजकारणाने जुळविला.

तटस्थतेविषयी बोलताना शब्दांचा उपयोग जपून केला पाहिजे. कौटिल्याने राजमंडलाचे वर्णन करताना उदासीन व मध्यम असे दोन निराळे राजे सांगितले आहेत. उदासीन तो, ज्याची भूमी कलहापासून दूर व ज्याचे बळ मोठे. मध्यम तो, ज्याची हद्द दोन्ही भांडणाऱ्यांस लागून आहे, व जो दोघांस एकत्र वा वेगळे साह्य करू शकतो किंवा वेगवेगळे गाठून दाबू शकतो. सातारा १७२४ मध्ये उदासीन नव्हते. ते मध्यम होते. सहाही सुभ्यांत त्याचे कमाविसदार फिरत होते. मध्यमाने षाड्गुण्यांपैकी आसन पत्करिले, म्हणजे बसून राहण्याचे ठरविले, तरी जो जिंकेल तो त्याला विचारल्याशिवाय राहत नाही. महाराजांच्या आज्ञेत आसन व पेशव्याच्या कृतीत द्वैधीभाव, असे जे विसंगत चित्र दिसते, ते म्हणूनच आम्हांस फारसे विसंगत वाटत नाही. फर्मानाशी मुखाने वाकडे यावयाचे नाही, आणि चौथाई देणाऱ्याच्या मागे हाताने उभे राहावयाचे, हे दोन्ही एकाच दरबाराचे वर्तन होऊ शकते. धनी व सेवक यांनी ते ठरवून केले की सेवकाने पाऊल पुढे टाकल्यावर धन्याने डोळेझाक केली, हा निर्णय ज्याचा त्याने करावा. आमचा झुकाव दुसऱ्या पक्षाकडे आहे. कारण पेशव्यास याबद्दल शिक्षा वा कमीपणा आल्याचे पुढील वर्षांच्या घडामोडींत कोठेच दिसत नाही, उलट त्याचे वजन वाढत गेले.

अध्यापनाच्या काळात उद्योगपर्व शिकविताना विद्यार्थी आम्हांस हटकून विचारीत की, बलराम युद्ध सोडून सरस्वतीच्या यात्रेस गेला, ते भ्याला म्हणून काय? उपप्लव्यातील सभेत बलराम, सात्यकी व द्रुपद यांची जी भाषणे आहेत, त्यांत सख्ख्यांच्या नव्हे पण सोयऱ्यांच्या कलहात सैन्य घालण्याच्या साऱ्या बाजू येऊन जातात. श्रीकृष्णाने तर आपण एकीकडे व नारायणी सेना दुसरीकडे अशी वाटणीच केली. पण वऱ्हाडच्या वाचकास त्या पर्वातले आणखी एक पात्र आठवावे. तो विदर्भराज भीष्मकाचा पुत्र रुक्मी. तो अक्षौहिणी घेऊन प्रथम पांडवांकडे गेला, नंतर दुर्योधनाकडे, आणि त्याच्या फुशारकीमुळे दोघांनीही त्याची मदत नाकारली. बलराम न लढता गेला तो आपल्या विचाराने. रुक्मी न लढता परतला तो लोकांच्या अव्हेराने. साताऱ्याच्या दरबारात जे आसनाचा पक्ष मांडीत होते त्यांस भय होते ते अशाच अवस्थेचे, दोन्हीकडून नकोसे होण्याचे; आणि पेशव्याचा पक्ष नेमक्या त्याच भयावर बोट ठेवीत असावा.

दरबारातील वादाविषयी बखरी काय सांगतात, हे पाहणे क्रमप्राप्त आहे. मल्हार रामराव चिटणीसाची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची. उत्तरेत फौजा न्याव्या की आधी दक्षिण आवरावी, याविषयी प्रतिनिधी व बाजीराव यांच्यात शाहू महाराजांसमोर झालेल्या वादाची कथा अशा उत्तरकालीन लेखनावरून रूढ झाली, ग्रँट डफने १८२६ च्या इतिहासात ती सजविली, व तेथून ती शाळेच्या पुस्तकांत उतरली. ती भाषणे वाचावयास सुरस आहेत. परंतु प्रसंगानंतर ऐंशी-नव्वद वर्षांनी लिहिणारा लेखक दरबारातले शब्द न् शब्द कोठून आणणार? पुराणकाराने सभापर्व रचावे तशी ती रचना आहे; तीतून वादाची दिशा घ्यावी, शब्द घेऊ नयेत. आणि मौजेची गोष्ट ही की, उत्तरेच्या वादाला एवढी जागा मिळाली असता साखरखेर्ड्याच्या वादाला लोकांच्या स्मरणात जवळजवळ जागाच मिळाली नाही. त्याचे कारण उघड आहे. उत्तरेकडील जय मराठ्यांचा झाला. साखरखेर्ड्याचा जय निजामाच्या खात्यावर पडला. दुसऱ्याच्या जयात आपण किती होतो, हे सांगावयास भाट मिळत नाही.

फारशी बाजूची गोष्टही तितकीच सावधपणे घ्यावयाची. खाफीखान या प्रसंगाचा मुख्य साक्षी. त्याने ठिकाण वऱ्हाडात, औरंगाबादेपासून सुमारे चाळीस कोसांवर असल्याचे नमूद केले आहे. परंतु तो निजामुल्मुल्काचा दिवाण राहिलेला, धन्याचा पक्षपाती. धन्याच्या विजयात काफरांच्या फौजेचा भाग किती, हे तो ठळकपणे सांगेल अशी अपेक्षाच करू नये. उलट अलीकडील काही मराठी लेखक बाजीरावानेच लढाई जिंकून दिली असे भासवितात. दोन्ही टोके टाळून इतके म्हणता येते की, मुख्य रणात तोफा व हत्ती यांचे काम निजामाच्या स्वतःच्या सैन्याने केले. मराठी स्वारांचे खरे साह्य, त्यांच्या नित्याच्या युद्धपद्धतीप्रमाणे, शत्रूच्या छावणीभोवती घिरट्या घालून दाणावैरण तोडण्याचे असणार. मुबारिजखानाचा रोख निजामास चुकवून औरंगाबाद गाठण्याकडे होता. अशा वेळी चपळ घोडदळ ज्याच्या बाजूस, त्याला शत्रूची बातमी घरबसल्या मिळते. लढाईची बाकी हकीकत लांबविण्यात अर्थ नाही. मुबारिजखान व त्याचे दोन पुत्र पडले, आणखी पुत्र जखमी होऊन हाती लागले. निजामाने मुबारिजखानाचे शिर दिल्लीस रवाना केले, व बादशहाच्या एका बंडखोराचा नाश केल्याबद्दल त्याच बादशहाचे अभिनंदन केले! गावास फत्तेखेर्डा हे नाव त्याने दिले ते या जयाचे. नाव कागदांत राहिले. लोकांच्या तोंडी साखरखेर्डाच टिकले.

बाजीरावास सात हजारी मनसब, हत्ती व जवाहीर मिळाल्याचे फारशी आधारांवर लिहिणारे सांगतात. १७२५ मध्ये बादशहाने निजामास क्षमा करून दक्षिणची सुभेदारी कायम केली व आसफजाह हा किताब दिला.

या जिल्ह्याच्या मातीस हा प्रश्न १७२४ साली प्रथम पाहावयास मिळाला असे नाही. येथून उत्तरेस, घाटाच्या तोंडाशी, मोताळा तालुक्यात रोहिणखेड आहे. सन १४३७ मध्ये खानदेशचा नासीरखान फारुकी आपल्या मुलीच्या अपमानाचे निमित्त करून वऱ्हाडात शिरला, तेव्हा बेदरच्या दरबारात कोणी जावे व कोणास सोबत न्यावे यावरून दक्षिणी व परदेशी अमिरांत खडाजंगी झाली. खलफहसन या परदेशी सरदाराने दक्षिणी व हबशी लोक बरोबर नकोत, नुसते परदेशी द्यावे, अशी अट घालून मोहीम पत्करिली व रोहिणखेडास जय मिळविला. जय झाला, पण दक्षिणी-परदेशी वैर त्यानंतर अधिकच पेटले. दुसरे उदाहरण १५९१ च्या उन्हाळ्यातले, आणि आम्हांस ते फार बोलके वाटते. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा अकबराच्या आश्रयास होता. गादी मिळविण्यासाठी अकबर त्याला फौज देऊ करीत होता. बुऱ्हाणाने ती नाकारली. मोगल फौज घेऊन आलो तर दक्षिणचे लोक बिथरतील, ही त्याची अटकळ. त्याने शेजारच्या खानदेशच्या राजा अलीखानाची मदत घेतली आणि रोहिणखेडाच्या रणात जमालखान महदवी गोळी लागून पडला. मदत देणाऱ्याप्रमाणे मदत घेणाऱ्यानेही किती विचार करावयाचा असतो, याचा हा दाखला. मोठ्याचे सैन्य एकदा घरात आले की, त्याला निरोप देणे कठीण. याच जमालखानाच्या पंथाच्या खुदावंदखानाने १५८१-८२ च्या सुमारास साखरखेर्डा व रोहिणखेड या दोन्ही ठिकाणी मशिदी बांधविल्या. जिल्ह्याच्या दोन रणभूमींवर एकाच हाताचे काम उभे असावे, हा योगायोग प्राचीन वास्तूंच्या जिज्ञासूंनी जाऊन पाहण्याजोगा आहे.

बाजीरावाच्या निर्णयाचे मोल ठरविताना या निजामशाही दाखल्याचा उपयोग होतो. निजामुल्मुल्काने बुऱ्हाणासारखी दूरदृष्टी दाखविली नाही असे कोणी म्हणेल. त्याने मराठ्यांना घरात घेतले. पण तो ज्या मुलखाचा धनी होऊ पाहत होता, त्यात मराठे आधीच घरात होते. म्हणूनच त्याने जे दिले ते तोंडचे आश्वासन होते, मुलूख नव्हे. पहिली दोन-तीन वर्षे गोडीत गेली. १७२५-२६ व १७२६-२७ मध्ये मराठी फौजा कर्नाटकात गेल्या. याच सुमारास निजामाने कोल्हापूरच्या संभाजी महाराजांचा दावा पुढे करून, दोन छत्रपतींत खरा मालक कोण याचा निवाडा होईपर्यंत चौथाई तहकूब, असा पवित्रा घेतला. पाहा, कसे उलटले! १७२४ मध्ये सुभेदार दोन होते व मराठ्यांस निवड करावयाची होती. १७२७ मध्ये छत्रपती दोन होते व निवडीचा अधिकार सुभेदार आपल्याकडे घेत होता. परक्याच्या घरातील फुटीचा उपयोग कसा करावा, हा धडा त्याने मराठ्यांकडून घेतला असावा, किंवा त्याला तो आधीच पाठ होता.

बाजीरावाने याचे उत्तर दिले ते ज्या मुलखातून तीन वर्षांपूर्वी तो मित्र म्हणून गेला होता त्याच मुलखातून. १७२७ च्या अखेरीस जालना व सिंदखेडची बाजू त्याने लुटली, आणि पुढे वाशीम, मंगरूळकडे वळून तो खानदेशात उतरला. फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडास निजाम कोंडला गेला व मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. पालखेडचा विजय साखरखेर्ड्याच्या स्नेहाचे प्रायश्चित्त होय, असे काही लेखक म्हणतात. आम्ही तसे म्हणत नाही. मुबारिजखान जिंकला असता, तर बादशाही फर्मान, हैदराबादचा खजिना व चौथाईचा द्वेष एका हाती आला असता. पालखेड त्याच्याशीच, व बहुधा अधिक कठीण स्थितीत, करावे लागले असते. १७२४ मध्ये मराठ्यांपुढे मित्र व शत्रू अशी निवड नव्हती. कोणता शत्रू काही वर्षे मित्र म्हणून वागेल, एवढेच ठरवावयाचे होते. बाजीरावाने चौथाईची तीन वर्षे विकत घेतली, आणि त्या तीन वर्षांत फौज उभी केली. हा सौदा तोट्याचा ठरत नाही.

तोटा झाला तो दुसऱ्या कोणाचा. लढाई ज्याच्या शेतात झाली त्या वऱ्हाडच्या कुणब्याचा. निजामाची सुभेदारी व मराठ्यांची चौथाई-सरदेशमुखी दोन्ही येथे कायम झाल्या, आणि वऱ्हाडात दुअंमली सुरू झाली. एका गावात दोन कचेऱ्या, दोन कमाविसदार, दोन ताकिदी. काही परगण्यांत भोसल्यांचा वाटा निम्म्याहूनही पुढे गेला. डिसेंबर १७५७ मध्ये विश्वासराव व दत्ताजी शिंदे यांनी सिंदखेडास निजामाच्या फौजेस गाठले, रामचंद्र जाधव तेथे कोंडला गेला, आणि तहाची बोलणी साखरखेर्ड्यासच होऊन पंचवीस लक्षांचा मुलूख व नळदुर्ग मराठ्यांस मिळाला. तेहतीस वर्षांत त्याच गावकुसाशी पुन्हा छावण्या पडल्या. पुढे १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले ते हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या पगारापोटी. म्हणजे दुसऱ्याने ठेविलेल्या फौजेचा खर्च भागविण्यासाठी अख्खा प्रांत गहाण पडला. साताऱ्यास, बेदरास किंवा दिल्लीस ज्यांनी फौज पाठविण्या-न पाठविण्याचा वाद घातला, त्यांत मेहकर परगण्याचा एखादा देशमुख वा पाटील सल्ल्यास बोलाविला गेला नव्हता.

पण त्याने लिहून मात्र ठेविले असेल, कारण देशमुखास हिशेब दाखवावा लागे. वाचकांपैकी ज्यांच्या संग्रही मेहकर, सिंदखेड, देऊळगावराजा, लोणार या बाजूच्या वतनदार घराण्यांची दप्तरे आली असतील, त्यांनी फसली ११३३, ११३४ व ११३५ या तीन सालांचे ताळेबंद एकत्र काढून पाहावे. ११३४ च्या जमाबंदीत बुडीत, परागंदा, कौल व तगाई या सदरांखाली काय पडले आहे, हे ११३३ शी ताडून पाहिले म्हणजे कोणत्या फौजेचा तळ कोणत्या गावी पडला याचा माग निघतो. छावणीच्या गावी वैरणीची सूट असते, लुटीच्या गावी वसुलीची. मोडी कागदावर सालाचा आकडा फाटला असल्यास शुहूर सन अरबी शब्दांत पाहावा. खमस अशरीन असे दिसले तर तो कागद त्या पावसाळ्यानंतरच्या वर्षाचा. त्रैमासिकाकडे नकला पाठविताना मूळ कागदाची लांबी-रुंदी, शिक्का व जोड यांची नोंद अवश्य करावी, आणि गावाचे नाव कागदात ज्या रूपाने असेल त्याच रूपाने, साखरखेडले असो वा फत्तेखेडा, न बदलता उतरून घ्यावे.